बोलोन्याचे लाटणे आणि आमचे गव्हले

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



प्रवासाहून परत आलेल्या मनुष्याने तेथील इमारती, पुतळे व चित्रे यांचे वर्णन करावे, असा प्रघात आहे. ते वर्णन पुस्तकांतून विपुल मिळते. म्हणून आज आम्ही आपला वेळ त्यासाठी घेणार नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते पिठाच्या गोळ्याविषयी. विषय क्षुल्लक वाटेल, परंतु ह्या गोळ्याशी आपल्या ज्ञातीतील एका मोठ्या ठेव्याचा संबंध आहे, आणि तो ठेवा आपल्या डोळ्यांदेखत हातचा जात आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त इटलीतील मिलान शहरी राहतात. सन २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी आम्हांस बोलोन्या नगरी नेले. मिलानहून जलद आगगाडीने हा प्रवास तासाभराहून थोडा अधिक आहे. बोलोन्यास इटलीचे लोक तीन विशेषणे लावतात : विदुषी, पुष्ट आणि तांबडी. तेथील विद्यापीठाचा आरंभ परंपरेने सन १०८८ मध्ये मानतात, म्हणून ती विदुषी; घरांच्या भिंती व कौले तांबडी, म्हणून ती तांबडी; आणि तेथील स्वयंपाकाची कीर्ती सर्व देशात, म्हणून ती पुष्ट. विद्या व स्वयंपाक यांना एकाच पंक्तीस बसविणारे हे नगर आम्हां शिक्षकाच्या मनास फार भावले.

तेथे प्रवाशांना पास्ता हाताने करावयास शिकविणारे वर्ग चालतात. अशाच एका वर्गात चिरंजीवांनी आमची नावे घातली. आम्ही आठ विद्यार्थी होतो : एक जर्मन जोडपे, दोन जपानी मुली, दोन फ्रेंच गृहस्थ आणि आम्ही उभयता. शिकविणाऱ्या बाई सत्तरीच्या घरातील. त्यांचे इंग्रजी आमच्या इटालियनपेक्षा फार बरे होते असे नव्हे. परंतु त्यांचे हात जे बोलत होते ते आठांनाही समजत होते.

पास्ता म्हटले की आपल्याकडे पाकिटातील सुक्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. बोलोन्याच्या परिसरातील ताजा पास्ता निराळा. त्याचे प्रमाण शंभर ग्रॅम मैद्यास एक अंडे. लाकडी फळीवर मैद्याचा ढीग करून मध्ये आळे करावयाचे, आळ्यात अंडी फोडून काट्याने फेटावयाची, आणि कडेचा मैदा थोडाथोडा आत ओढीत गोळा बनवावयाचा. मग दहा-पंधरा मिनिटे तळहाताच्या मुळाने दाबीत, दुमडीत, फिरवीत तो तिंबावयाचा. तिंबल्याने गव्हातील चिकट प्रथिनांचे जाळे तयार होते व गोळ्यास ताण येतो. त्यानंतर अर्धा तास तो झाकून ठेवतात, म्हणजे हा ताण सैल पडतो व गोळा लाटताना आखडत नाही. आपल्या गृहिणी पोळ्यांची कणीक मुरत ठेवतात, त्यातील कारण हेच होय.

लाटणे सुमारे हातभर लांब व बिनमुठीचे. त्यास ते मात्तारेल्लो म्हणतात, लाटलेल्या पातळ पदरास स्फोल्या म्हणतात, आणि तो लाटणाऱ्या स्त्रीस स्फोल्यीना ही स्वतंत्र संज्ञा आहे. फळी संगमरवराची चालत नाही, लाकडाचीच हवी. लाकडाच्या खरबरीतपणाने पदरासही किंचित खरबरीतपणा येतो व रस त्यावर धरून राहतो. चांगली स्फोल्या खिडकीशी धरली असता तिच्यातून पलीकडच्या टेकडीवरील सान लूकाचे देवालय दिसावे, अशी तेथील कसोटी आहे. पदराची सैल घडी करून सुरीने फिती कापल्या की ताल्यातेल्ले तयार. कापणे ह्या अर्थाच्या क्रियापदावरून हे नाव आले आहे. उकळत्या खारट पाण्यात दोन-तीन मिनिटांत ते शिजतात.

आता त्या नगराने ह्या फितीचा केवढा मान ठेवला आहे पाहा. सन १९७२ मध्ये बोलोन्याच्या व्यापारमंडळाच्या कार्यालयात ताल्यातेल्लेच्या फितीची सुवर्णप्रतिकृती विधिपूर्वक ठेवण्यात आली. शिजलेल्या फितीची रुंदी आठ मिलिमीटर असावी, आणि ती नगरातील आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग असावी, असे तेथे नोंदलेले आहे. पुढे सन १९७४ मध्ये तोर्तेल्लीनी ह्या भरलेल्या पास्त्याची कृतीही त्याच कार्यालयात नोंदविली गेली. कोणी म्हणेल, हा पोरखेळ झाला. आम्हांस तसे वाटले नाही. आजीच्या हातातील माप ज्या समाजाने राजपत्रासारखे जपून ठेवले, त्याने आजीसही जपले असे आम्ही समजतो.

आमच्या सौभाग्यवतीस अंडे चालत नाही. ही अडचण बाईंस कळताच त्यांनी रव्याचा डबा पुढे ओढला. इटलीच्या दक्षिण भागात अंडी न घालता केवळ रवा व पाणी यांचा पास्ता करतात. वजनाने दोन भाग रवा व एक भाग पाणी. हा रवा डुरम नावाच्या कठीण गव्हाचा असतो. सुक्या पास्त्यास हाच गहू वापरावा, असा इटलीत सन १९६७ मध्ये कायदा झाला. आपल्याकडील बन्सी गहू त्याच जातीचा आहे. दक्षिणेतील बारी शहरी ह्या रव्याचे लहान कानांच्या आकाराचे पास्ते करतात. बाईंनी बोटभर वळी केली, तिचे तुकडे पाडले, आणि अंगठ्याने एकेक तुकडा दाबून उलटा करून दाखविला.

सौभाग्यवतीने पाचसहा कान केले. मग राहिलेल्या वळीतून चिमटीने कण तोडून, अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये ती सहज वळू लागली. पाहता पाहता फळीवर गव्हाच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकांस निमुळते गव्हले पडू लागले. नजर बाईंकडे, बोलणे आमच्याशी, आणि बोटे आपली चालू! बाई उठून जवळ आल्या. त्यांनी एक गव्हला तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला, आणि हे कोठे शिकलात, असे विचारले. सौभाग्यवती म्हणाली, "माहेरी, आजीजवळ." आम्ही भाषांतर केले. बाईंनी मान डोलाविली व सांगितले की, त्याही आजीजवळच शिकल्या. मग त्यांनी आपले आसन सोडले आणि सौभाग्यवतीस तेथे बसवून सर्वांना गव्हले वळावयास शिकविण्याची विनंती केली. पाऊण तास वर्गाची शिक्षिका आमची सौभाग्यवती होती. चाळीस वर्षे आम्ही फळ्यापुढे उभे राहिलो, पण विद्यार्थी इतके एकाग्र झालेले आम्ही क्वचित पाहिले.

बंधुभगिनींनो, ह्या प्रसंगाने आम्हांस आनंद झाला, तसा एक प्रश्नही पडला. इटलीतल्या त्या विद्येस शुल्क आहे, वर्ग आहेत, संज्ञा आहे, नोंद आहे. आमच्या विद्येस काय आहे? पाटावरच्या शेवया, गव्हले, मालत्या, नखुल्या, गव्हाचा चीक काढून केलेल्या कुरडया हे सर्व त्याच कुळातील पदार्थ. चैत्र-वैशाखात अंगणात खाटा मांडून, शेजारणी जमवून हे काम होत असे. लग्नाच्या रुखवतात गव्हल्यांचे ताट नसले तर चालत नसे. सन २०२४ मध्ये आपल्या ज्ञातीतील ज्या विवाहांस आम्ही उपस्थित होतो, त्यांपैकी बहुतेकांत हे ताट बाजारातून आणलेले होते. कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. विकत आणणारेही निदान ताटाची आठवण ठेवतात.

येथे आमच्या सुना-लेकी एक रास्त आक्षेप घेतील, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. त्या म्हणतील की, उन्हात बसून पाठ मोडेपर्यंत शेवया वळणाऱ्या आजीला हौस होती की सक्ती, हे तुम्ही कधी विचारले होते काय? यंत्र आले, आमची पाठ सुटली. आता पुन्हा आम्हांस पाटावर बसविता काय? ह्यास आमचे उत्तर असे की, मुळीच नाही. यंत्राचा पास्ता इटलीतही घरोघर आहे. रोजच्या जेवणासाठी तेथेही प्रत्येक गृहिणी लाटणे घेऊन बसत नाही. हातची कला तेथे टिकली ती सक्तीने नव्हे, तर तिला मोल व मान आल्याने. आपल्या आजींच्या श्रमास मोबदला नव्हता आणि कौशल्यास नाव नव्हते. इटालियन भाषेत स्फोल्यीना हा शब्द आहे. गव्हले वळणारीस मराठीत कोणती पदवी आहे, हे आम्ही पुष्कळ आठवून पाहिले, सापडली नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची तीन कलमी सूचना आहे. पहिले, येत्या उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाच्या सभागृहात आठ दिवसांचा वर्ग भरवावा, आणि त्यात मुलींइतकेच मुलगेही घ्यावेत. बोलोन्यात आम्ही, दोघे फ्रेंच व एक जर्मन असे चार पुरुष पिठात कोपरापर्यंत बुडालो होतो. त्याने कोणाची प्रतिष्ठा उणी झाली नाही. दुसरे, शिकविणाऱ्या वृद्ध भगिनींस मंडळाने मानधन द्यावे. केवळ श्रीफळ देऊन त्यांची बोळवण करू नये. तिसरे, प्रत्येक कृतीचे प्रमाण वजनकाट्यावर मोजून लिहून काढावे व पुढील स्मरणिकेत सांगणारीच्या नावासह छापावे. "मूठभर" आणि "अंदाजाने" ही मापे त्या त्या हाताबरोबर जातात, म्हणून ती वेळेवर कागदावर उतरली पाहिजेत.

अर्थात कागदही पुरेसा नाही. गोळा केव्हा मऊ झाला हे ग्रंथ सांगत नाही; ते बोटांस कळते, आणि बोटांस ते दुसरी बोटे सांगतात. आपल्या ज्ञातीत ती बोटे आज आहेत. ह्या सभागृहातही, मागच्या रांगांतून, काही बसलेली आम्हांस दिसत आहेत. त्यांस पुढच्या रांगेत बोलवावे, एवढी विनंती आहे.