व्यसनांची मोजदाद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आपटा येथे झालेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातीची नवी खानेसुमारी लवकरच हाती घ्यावयाची आहे. तिच्या छापील नमुन्यात शिक्षण, व्यवसाय, उपवर मुलेमुली यांचे रकाने आहेतच. यंदा ‘घरात कोणास अमली पदार्थाचे व्यसन आहे काय’ असाही एक रकाना घालावा, अशी सूचना काही तरुण कार्यकर्त्यांनी केली आहे. तिच्यामागील कळकळ मला मान्य आहे; सूचना मात्र मान्य नाही. ती का, हे सांगण्यासाठी देशाच्या पातळीवर ही मोजदाद कशी होत आली, ते थोडक्यात निवेदन करतो.

इंग्रजी अमदानीत, पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून, 1893 साली सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने मुंबई इलाख्यासह निरनिराळ्या प्रांतांतून 1,193 साक्षीदारांचे जबाब मिळविले. त्या चौकशीतील मला सर्वांत बोधप्रद वाटलेला भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. गांजाने माणूस वेडा होतो, ही समजूत त्या इस्पितळांच्या नोंदवह्यांवर उभी होती. आयोगाने 1892 सालच्या अशा नोंदी एकेक करून पडताळल्या. तेव्हा ‘कारण : गांजा’ हे शब्द पुष्कळदा कसल्याही चौकशीवाचून, ऐकीव माहितीवर लिहिलेले आढळले आणि निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहीत. रकाना आहे म्हणून तो भरला गेला, एवढेच! ज्यांनी जन्मभर शाळेची पत्रके भरली आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

स्वतंत्र भारतात देशव्यापी म्हणता येईल अशी पहिली पाहणी 2000-2001 च्या सुमारास झाली व तिचा अहवाल 2004 साली निघाला. तीत घरोघरी जाऊन फक्त 12 ते 60 वयाच्या पुरुषांनाच विचारले होते. पुढची मोठी पाहणी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविली. तिचा अहवाल 2019 सालच्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. या खेपेस स्त्रियाही आल्या आणि 10 वर्षांची मुलेही आली. 186 जिल्ह्यांतील 2,00,111 घरे, आणि 4,73,569 माणसे! परंतु एवढी दारे ठोठावूनही ती मंडळी तेवढ्यावर थांबली नाहीत. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कोणता बाप सांगेल, की माझा मुलगा गर्द ओढतो? म्हणून त्यांनी दुसरा मार्ग जोडीस घेतला. एका व्यसनी माणसाने आपल्या माहितीतील दुसऱ्यास आणावयाचे, दुसऱ्याने तिसऱ्यास. अशा साखळीने 135 जिल्ह्यांत 72,642 जणांशी ते बोलले. या दोन्ही मार्गांचा मेळ घालून अंदाज बांधले गेले. अफू, गर्द व त्या जातीची औषधे वर्षभरात घेणारे लोकसंख्येत शेकडा 2.1, म्हणजे सुमारे 2 कोटी 26 लक्ष निघाले. ज्यांना त्यापायी मदतीची गरज आहे असे सुमारे 77 लक्ष. त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत आपले महाराष्ट्र राज्य आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? वर्तमानपत्रात पकडलेल्या मालाचे आकडे येतातच. येतात खरे, आणि आपल्याच भागातले येतात. 2020 च्या ऑगस्टमध्ये न्हावा-शेवा बंदरात 191 किलो हेरॉइन सापडले. बांबूसारख्या रंगविलेल्या नळ्यांत ते दडविले होते. 2023 च्या डिसेंबरात खोपोलीकडे मेफेड्रोन बनविणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. पाताळगंगेकाठी रसायनांच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस त्या बातमीने धडकी भरली, हे स्वाभाविकच होते. तथापि तो माल कोठे जावयाचा होता आणि आपल्या आळीत किती उतरला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. पकडलेला माल हे बंदराचे आणि पोलिसांच्या दक्षतेचे माप आहे, घरांचे नव्हे.

आणि ज्या व्यसनाला बंदर लागत नाही, ते तर त्या बातम्यांत येतच नाही. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर ही कोपऱ्यावरच्या दुकानातील वस्तू. 2019 च्या अहवालात हुंगण्याचे हे एकच व्यसन असे निघाले, की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आहे : मोठ्यांत शेकडा 0.58, आणि 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17. मदतीची गरज असलेली अशी मुले देशात सुमारे 4 लक्ष 60 हजार. आणि ती जेथे संख्येने जास्त आहेत त्या राज्यांतही महाराष्ट्र आहेच. मुलाच्या दप्तरात चिंधी आणि ट्यूब सापडली, तर आई काय करते? ती टाकून देते आणि कोणाला बोलत नाही. मुलीच्या सोयरिकीत अडथळा येईल, ही त्यामागची भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आपणच चौकशीला जातो तेव्हा घराण्याविषयी काय काय विचारतो, ते आठवावे.

आता आपल्या रकान्याकडे येतो. आपली खानेसुमारी नावानिशी असते. ती घरोघर जाते, आणि वधूवरांच्या शोधात तीच उघडली जाते. तीत हा रकाना घातला, तर प्रत्येक घर ‘नाही’ असे लिहील आणि पुढील दहा वर्षे आपण ज्ञातीत व्यसन नाही म्हणून समाधान मानू. एखाद्याने प्रामाणिकपणे ‘होय’ लिहिले, तर ते घर आपण कायमचे डागाळून ठेवू. सरकारी पाहणीत माणसाचे नाव बाहेर येत नाही, म्हणून तेथे काही तरी खरे बोलले जाते. त्याच अहवालात असेही आढळले, की दारूखेरीज इतर बेकायदेशीर अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या 20 माणसांत एकालाच काही उपचार मिळतो. बाकीचे एकोणीस कोठल्या तरी घरांतूनच आहेत.

तेव्हा माझी कार्यकारी मंडळास विनंती एवढीच, की तो रकाना गाळावा आणि त्या जागी ठळक अक्षरांत व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी दूरध्वनी 14446 छापावा. तेथे बोलावयास पैसे पडत नाहीत. नमुना छापखान्यात जाण्यापूर्वी याचा निर्णय व्हावा.