होडीतल्या गाद्या आणि आपली मजुरी

(संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेत मी हा विषय मांडला तेव्हा लावणीमुळे निम्म्या गटांच्या अध्यक्षा येऊ शकल्या नव्हत्या. म्हणून तेच बोलणं इथं लिहून देतेय. तुमच्या गटाच्या बैठकीत कुणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवा. कारण शेवटी एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

विषय आहे शिडाच्या होडीतल्या गाद्या आणि फोम बदलण्याचा. सभेत हे ऐकून काही जणी हसल्या. एक काकू म्हणाल्या, "आमच्या होडीत बसायला फळी मिळाली तरी पुष्कळ, गादी कुठली?" खरंय. पण मुंबई आणि मांडव्याच्या बाजूला हौशी लोकांच्या शिडाच्या होड्या असतात. त्यांच्या आत छोटी खोली असते, बसायला आणि झोपायला बाकं असतात, त्यांवर गाद्या असतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि त्यांची दुरुस्ती निघते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कोळीवाड्यातल्या बायकांच्या हातात पैसा नसतो. नेमकं तेव्हाच हे काम निघतं. म्हणून मला ते आपल्या शिवणगटासाठी चांगलं वाटलं.

मागच्या वर्षी असं एक काम आपल्याला मिळालं. सात गाद्या होत्या. त्यात मी केलेली चूक आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलायचा मला हक्क राहील.

मालकाच्या माणसाचा फोन आला आणि मी फोनवरच "हो, होईल" म्हणून मोकळी झाले. माप त्यानं फोटोवर लिहून पाठवलं. आपण सोफ्याच्या गादीसारखा दर लावला, २१,००० रुपये. फोम, कापड, दोरा, चेन यांत १३,५०० गेले. चार जणींनी नऊ दिवस काम केलं. गाद्या पोचवल्या आणि पंधरा दिवसांत परत आल्या. पुढच्या टोकाची त्रिकोणी गादी भिंतीला अडून वर उचलली जात होती. बाकाच्या दोन गाद्या उलट्या बाजूच्या झाल्या होत्या. चेन गंजून अडकली होती आणि फोम बसला होता. ते सगळं दुरुस्त करायला आणखी ६,०६० रुपयांचं सामान लागलं. उरले १,४४०. नऊ दिवस, चार जणी, म्हणजे छत्तीस रोज. भागून बघा, दिवसाला ४० रुपये आले. आणि दुरुस्तीचे दिवस तर आपण मोजलेच नाहीत.

माझ्याकडे समाजकार्याची पदवी आहे, पण मला टीप सरळ मारता येत नाही. त्या चौघींतल्या एक काकू मला म्हणाल्या, "बाय, तू हो म्हणायच्या आधी आम्हाला विचारायचंस." त्या वेळी मला फार लागलं. पण त्या रागावून घरी बसल्या नाहीत. परत आलेली एकेक गादी आम्ही एकत्र बसून उसवली आणि कुठं काय चुकलं ते वहीत लिहिलं. त्या वहीतलंच आता सांगते.

माप जागेवर जाऊनच घ्यायचं

घराच्या भिंती सरळ उभ्या असतात, होडीच्या नसतात. होडी खाली निमुळती आणि वर पसरट असते. म्हणजे चार इंच जाड गादीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा रुंद लागते आणि कडेचा फोम तिरका कापावा लागतो. आम्ही तो उभा सरळ कापला होता. आता करायचं ते असं: बाकाच्या लाकडावर ब्राऊन पेपर पसरून तळाचा आकार काढायचा. मग गादीच्या जाडीइतकं वर दुसरा कागद धरून तिथला आकार काढायचा. एका गादीचे दोन कागद होतात. दोन्हींतला फरक म्हणजे तिरका काप.

दुसरं, डावं आणि उजवं. ब्लाऊजचे पुढचे दोन भाग जसे एकमेकांचे आरसे असतात, तशीच डाव्या आणि उजव्या बाकाची गादी असते. ब्लाऊजच्या बाबतीत आपण झोपेतसुद्धा चुकणार नाही, पण इथं चुकलो, कारण कागदावर खूण नव्हती. प्रत्येक कागदावर चार गोष्टी लिहायच्या: गादीचा नंबर, डावी की उजवी, वरची बाजू कोणती, चेन कुठल्या कडेला.

जुन्या खोळी फेकू नका. उसवून बघितल्या की कुठली टीप आधी मारली ते कळतं. पण माप त्यांच्यावरून घेऊ नका. वापरून कापड ताणलेलं असतं.

फोम तराजूत घालून घ्यायचा

दुकानदार म्हणतो, "ताई, हा चाळीस डेन्सिटीचा." डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो. घनमीटर आपल्या कामाचा नाही, आपण घनफुटात बघू. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट जाड, असा चाळीस डेन्सिटीचा तुकडा साधारण १ किलो १३० ग्रॅम भरतो. बत्तीसचा भरतो साधारण ९०० ग्रॅम.

आता सहा फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच जाड गादी घ्या. सहा दुणे बारा, आणि चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा हिस्सा. बारा भागिले तीन, चार घनफूट झाले. चाळीसचा फोम असेल तर ही गादी साडेचार किलोच्या आसपास भरली पाहिजे. सव्वातीन किलो भरली, तर तो अठ्ठावीसचा आहे. मागच्या वर्षी आम्ही वजन केलं नाही, आणि फोम बसला तो त्यामुळेच. एक मात्र ध्यानात ठेवा. रंगीबेरंगी तुकडे चिकटवून केलेला फोम जड असतो, आणि कधी कधी वजन वाढवायला साध्या फोममध्येही भर घातलेली असते. म्हणून वजन बघा, शिवाय हातानं दाबून सोडा. चांगला फोम लगेच वर येतो.

होडीच्या आत झोपायला साधा मऊ फोम चालतो. बाहेर, जिथं लाटेचं पाणी उडतं, तिथं तो चालत नाही. तो स्पंजसारखा पाणी पितो. तिथं पाणी न पिणारा, व्यायामाच्या चटईसारखा घट्ट फोम लागतो. तो बसायला कडक असतो, हे मालकाला आधीच सांगायचं.

फोम खोळीपेक्षा पाव ते अर्धा इंच मोठा कापायचा, म्हणजे खोळ ताठ बसते, सुरकुत्या पडत नाहीत. पावाची लांब सुरी किंवा नवं पातं वापरा. बोथट पात्यानं कड कुरतडल्यासारखी होते. फोम खोळीत जात नसेल तर पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा. पण ते प्लास्टिक आठवणीनं ओढून काढा, नाहीतर आत ओल धरते.

आणि निघालेला जुना फोम चुलीत किंवा बंबात अजिबात घालू नका. त्याचा धूर विषारी असतो.

खारी हवा दिसत नाही, पण काम करते

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? समुद्राचं पाणी कापडावर वाळलं की मीठ मागे राहतं आणि ते हवेतली ओल ओढत राहतं. मग बुरशी, कुबट वास आणि गंज. म्हणून काही नियम केलेत. सुती कापड नाही, सुती दोराही नाही, कारण दोन्ही ओलीनं कुजतात. दोरा पॉलिएस्टरचा. चेन प्लास्टिकच्या दातांची, आणि तिचा सरकता तुकडाही न गंजणारा. सुई सोळा किंवा अठरा नंबरची. टाके इंचाला सहा-सात, फार बारीक टाके घातले की जाड कापड तिथंच फाटतं. पायपिंगच्या कोपऱ्यावर चार-पाच थर येतात, तिथं पायानं मशीन पळवायची नाही, चाक हातानं फिरवायचं. सुया किती मोडल्या ते त्या चौघींना विचारा.

रेक्झिन पुसायला सोपं, पण घामानं अंगाला चिकटतं आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. झोपायच्या गादीला वर पॉलिएस्टरचं कापड आणि खाली जाळीचं कापड लावलं तर हवा खेळते. मालकालाही सांगायचं की वापरून झालं की गाद्या उभ्या करून ठेवा, आणि खोळी गोड्या पाण्यात धुवा.

खोळ शिवून झाली की पूर्ण वाळलेल्या फोमवरच चढवायची. पावसात हे अवघड आहे. म्हणून फोम दुकानातून आणला की थेट कोरड्या खोलीत उंचावर ठेवायचा, ओटीवर नाही.

हिशोबात मजुरी आधी

आता मुद्द्याचं. मागच्या वर्षी आपण सामानाचा खर्च काढला, वर थोडे पैसे धरले आणि "उरेल ती आपली मजुरी" म्हटलं. उरलं काय ते तुम्ही ऐकलंच. कापड दुकानदार असा धंदा करत नाही. सुतारही करत नाही. घरातलं काम मोजायचं नाही अशी आपल्याला सवय लागलीय, तीच आपण धंद्यात घेऊन येतो.

या वर्षी त्याच मालकाच्या ओळखीतून तशाच दुसऱ्या होडीचं काम आलंय. पुन्हा सातच गाद्या. या वेळी मी हो म्हटलं नाही. दोघी जणी होडीवर जाऊन कागद काढून आल्या आणि मग आम्ही बसून हिशोब लिहिला:

छत्तीस रोज, ४०० रुपयांनी, १४,४०० रुपये.
फोम, कापड, दोरा, चेन, १६,५०० रुपये.
जाणं-येणं आणि कागद, १,१०० रुपये.
बेरीज ३२,००० रुपये.
चूक-दुरुस्तीसाठी दहा टक्के, ३,२०० रुपये.
एकूण ३५,२०० रुपये.

अट अशी की सामानाचे पैसे आधी द्यायचे. सगळं एका कागदावर लिहून, दोन्हीकडच्या सह्या घेऊन.

मालकाचं म्हणणं आहे की २८,००० मध्ये करा. तेवढ्यात केलं तर सामान आणि प्रवास वजा जाता १०,४०० उरतात. रोज पडतो २८९ रुपये, आणि चुकलं तर दुरुस्तीला एक पैसा नाही. चौघींत यावर दोन मतं आहेत. एक वहिनी म्हणतात, "बंदीच्या दिवसांत २८९ पण कोण देतंय?" काकू म्हणतात, "एकदा खाली उतरलं की वर चढता येत नाय." दोघींचंही मला पटतं, आणि म्हणून रात्री झोप लागत नाही.

माझं मत मी सांगते, निर्णय तुमचा. किंमत कमी करायचीच असेल तर काम कमी करू, मजुरी नको. पाठ टेकायच्या दोन गाद्यांचा फोम अजून चांगला आहे, आम्ही दाबून बघितलाय. त्यांच्या नुसत्या खोळी बदलू. तेवढं सामान आणि तेवढे रोज वाचतील, तेवढीच रक्कम कमी होईल. ४०० चा रोज तसाच राहील. हे मालकाला समजावून सांगायला मी जाईन, पण या वेळी एकटी नाही, काकूंना बरोबर घेऊन.

शिवणगट संघाच्या फंडातून चालतो, म्हणून हा प्रश्न चौघींचाच नाही, सगळ्यांचा आहे. तुमच्या गटात हा हिशोब वाचा, बेरीज तपासा, आणि पुढच्या सभेला अध्यक्षांबरोबर गटाचं मत लिहून पाठवा. बेरजेत चूक सापडली तर आधी मला सांगा. मागच्या वर्षी कुणी तपासली असती तर बरं झालं असतं.