पदवी झाली, पुढे काय?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चार शब्द बोलावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, सभेत उभे राहण्याची सवय नाही. पण सेक्रेटरीबाई म्हणाल्या, “हळदीकुंकवाच्या दिवशी तावातावाने जे बोलत होता, तेच इथे बोला.” म्हणून तेच बोलते. चाळिशीच्या आसपास पदवी घेणाऱ्या बाईला पुढची कामधंद्याची वाट कोणी दाखवायची, हा माझा विषय आहे.

माझी धाकटी जाऊ तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. ती समोरच बसली आहे, म्हणून नाव घेत नाही. घरी जाऊन मला ऐकून घ्यावे लागेल! लग्नापूर्वी तिची बारावी झाली होती. मुले मोठी झाल्यावर, एकोणचाळिसाव्या वर्षी तिने एका विद्यापीठात घरी बसून शिकण्यासाठी नाव घातले. रात्री ओटा पुसून झाला की त्याच ओट्यावर पुस्तक उघडायचे, असे तिने तीन वर्षे केले. बी. ए. झाली. आम्ही आळीत पेढे वाटले. सासूबाईंनी तर तिची दृष्ट काढली.

पुढे एका महाविद्यालयात नोकरीचा मेळावा असल्याचे तिने वाचले. परीटघडीची साडी नेसून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेली. टेबलापाशी बसलेल्या मुलाने कागद न पाहताच वय विचारले आणि म्हणाला, “मावशी, हा मेळावा मुलांसाठी आहे.” ती घरी आली, तिने कुकर लावला, आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. त्या मुलाचाही फार दोष नसावा. त्याला जसे सांगितले तसे तो बोलला. पण तीन वर्षे फी घेताना कोणी वय विचारले नव्हते, हे मात्र माझ्या मनातून जात नाही.

मग कोणीतरी सांगितले, बी. एड. करा, शाळेत लागाल. भावोजी मुदतीची ठेव मोडावयास निघाले. शेजारचे एक निवृत्त कारकून आहेत, त्यांनी सहज विचारले, “वहिनींचे वय काय?” बेचाळीस. ते म्हणाले, “महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या भरतीला वयाची मर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. बी. एड.ला साधारण दोन वर्षे जातात. म्हणजे वहिनी शिकून बाहेर पडतील तेव्हा ह्या दोन्ही मर्यादा मागे पडलेल्या असतील.” आमचे घर खुल्या वर्गातले, तेव्हा तिने पहिल्या वर्षाला नाव घातले त्याच दिवशी ते दार बंद झालेले होते! ठेव वाचली ती ओसरीवरच्या गप्पांमुळे. ज्यांचे ते काम, त्यांच्याकडून एक अक्षर कळले नाही.

बी. एड. वाईट असे मी म्हणत नाही. खाजगी शिकवणी घ्यायची असेल, तर जरूर करावे. परंतु जाणून करावे. पोराला कोणत्या शाखेत घालायचे ह्यासाठी आपण दहा जणांना विचारतो. बाई शिकायला लागली की सगळे म्हणतात, “बरे आहे, वेळ चांगला जातो.” वेळ घालवायला तिच्यापाशी वेळ होता कुठे?

पूर्वीच्या लोकांना हे कळत होते. पुण्याचे सेवासदन १९०९ साली रमाबाई रानडे आणि देवधर ह्यांनी काढले, तेव्हा शाळेचे वय उलटलेल्या बायका तिथे शिकत. त्यांना नुसते वाचायला शिकवून घरी धाडले नाही. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका झाल्या. शिकणे आणि पोटापाण्याला लागणे ह्यांची गाठ पहिल्यापासून बांधलेली होती. अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमातल्या पार्वतीबाई आठवले घ्या. विधवा झाल्यावर त्या लिहायला-वाचायला शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, आणि १९१८ साली, वयाच्या ४८ व्या वर्षी, इंग्रजी शिकावयास अमेरिकेस गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करून राहिल्या. आणि आपण बेचाळीसच्या बाईला मावशी म्हणून परत पाठवतो.

आज शिकण्याची सोय मोठी झाली हे कबूल केले पाहिजे. कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ पासूनचे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. “ज्ञानगंगा घरोघरी” हे त्याचे ब्रीद आहे. गंगा दारी आली ही केवढी गोष्ट! पण कोणत्या शेताला ते पाणी लावायचे, हे सांगणारा माणूसही सोबत हवा, एवढेच माझे मागणे आहे.

असा माणूस काय करतो, हे मला माझ्या भाचीकडून कळले. ती इंग्लंडमध्ये असते. तिथल्या मुक्त विद्यापीठात, ज्याचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले, ती मोठ्या वयात शिकते आहे. तिथे कामधंद्याचा सल्ला देणारे खातेच आहे, आणि शिकत असतानाच त्याच्याशी बोलता येते. सल्लागारबाईंनी फोनवर तिला पहिला प्रश्न विचारला, “मधल्या बारा वर्षांत तुम्ही काय केले?” भाची म्हणाली, “काही नाही, घरीच होते.” त्या म्हणाल्या, “काही नाही असे होत नाही. नीट आठवून सांगा.” मग निघाले एकेक. सासऱ्यांच्या आजारपणाची औषधे, डॉक्टर, कागदपत्रे हिने सांभाळली. मराठी मंडळाच्या गणपतीचा जमाखर्च पाच वर्षे लिहिला, दोनशे माणसांच्या जेवणाचा बेत केला. बाईंनी सांगितले, अर्जात सालवारी आधी लिहू नका. काय काय येते ते आधी लिहा, मधली वर्षे एका सरळ ओळीत सांगा, लाजू नका. आणि ज्या कामाची इच्छा आहे ते करणाऱ्या एखाद्या बाईला जाऊन भेटा, तिचा दिवस कसा जातो ते विचारा. नोकरी कोणी हातात ठेवली नाही. पण भाचीचा आवाज बदलला, तो मला इतक्या लांबून ऐकू आला.

आपल्याकडेही विचारायची ठिकाणे आहेत, ती माहीत नसतात. प्रत्येक जिल्ह्याला कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शनाचे सरकारी केंद्र आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून आहे, तिथे नाव फुकट नोंदवता येते. हातात कसब आहे पण कागद नाही, अशांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजनाही त्याच साली निघाली. शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनी तिची चौकशी जरूर करावी. वयाचे म्हणाल तर अंगणवाडीला पस्तिशीच्या आत लागते, विधवा भगिनींना चाळीसपर्यंत. आशा कार्यकर्तीचे वय मात्र २५ ते ४५ धरतात. पोस्टाच्या आर. डी.चे पैसे गोळा करणाऱ्या महिला एजंट तुम्ही पाहिल्याच असतील. आयुर्विम्याच्या एजंटाला दहावी आणि एक परीक्षा लागते. ही कामे सर्वांना रुचतील असे नाही. दारोदार पैसे मागणे मला तर मुळीच जमणार नाही. पण यादी पुढे असली म्हणजे नको म्हणण्याचाही मान राहतो.

जाऊबाईंचे काय झाले, हे तुमच्या तोंडावर दिसते आहे म्हणून सांगते. एका पतपेढीत ती सहा महिन्यांपासून अर्धा दिवस काम करते. तिथे तिची पदवी नव्हे, आपल्या मंडळाची भिशीची वही कामास आली. नऊ वर्षांत एका रुपयाची चूक नाही, हे पतपेढीच्या बाईंना आपल्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले. पगार थोडा आहे. कायम होईल की नाही, ते अजून ठरलेले नाही.

आता मंडळापुढे माझी विनंती. आपल्यापैकी सात जणी कुठे ना कुठे नाव घालून शिकत आहेत. त्यांच्या अभ्यासकेंद्रांना मंडळाने पत्र लिहावे की, मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींसाठी वर्षातून दोनदा वेगळी बैठक ठेवा, आणि पहिली बैठक नाव घालण्यापूर्वी ठेवा. वयाच्या मर्यादा फळ्यावर लिहून दाखवा. मेळाव्याच्या जाहिरातीत वय चालत नसेल तर तसे छापा, म्हणजे कोणी साडीला इस्त्री करून येणार नाही. पत्राचा मसुदा जाऊबाईंनी केला आहे. अक्षर तिचेच आहे, म्हणून वाचता येईल.

दुसरे असे की, पाचवी झालेल्या कोणालाही सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. माझा शाळा सोडल्याचा दाखला मी गावच्या शाळेतून मागवला आहे. आणखी तिघी तयार झाल्या तर गणिताला शिकवणाऱ्या बाई दर गुरुवारी दुपारी इथेच यायला कबूल आहेत. नावे खजिनदारबाईंकडे द्यावीत. दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा तो आजच मागवा.