केसपेपर कुणाचा?

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, भाकरी करपू देऊ नका, कान तेवढा इकडे असला तरी पुरे.

आमच्या गटातल्या एकीच्या अंगावरून पांढरं जात होतं. वांगणीहून लोकल धरून ती उल्हासनगरच्या एका दवाखान्यात गेली. बाकावर पंधरा-वीस माणसं. कंपाउंडरनं लांबूनच विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "डॉक्टरांनाच सांगते." "इथंच सांगा, लिहायचंय." तिनं हळू सांगितलं, त्यानं ते मोठ्यानं परत विचारलं. बाकावर तिच्या नणंदेच्या ओळखीची बाई बसली होती. संध्याकाळी ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. पुढचे चार महिने ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही, आणि दुखणं वाढत गेलं.

आम्हाला वाटायचं, दवाखान्यात असंच चालतं, काय बोलणार? पण डॉक्टरांसाठी 2002 सालचे नियम आहेत. पेशंटचं गुपित डॉक्टरनं फोडायचं नाही, असं त्यात लिहिलंय. कोर्टाचा हुकूम असला, कुणा ठरावीक माणसाच्या जिवाला किंवा समाजाला मोठा धोका असला, किंवा सरकारला कळवायचाच आजार असला, तरच सूट. टीबी झाला तर डॉक्टर सरकारला कळवतो, आळीला नाही. एचआयव्हीसाठी तर 2017 चा वेगळा कायदाच आहे.

मग नवऱ्याला, सासूला सांगायचं की नाही? आमच्या बैठकीत यावरून बरीच वादावादी झाली. "घरच्यांपासून काय लपवायचं?" असं एक म्हातारी आजी म्हणाली, आणि तिचं अगदीच चूक नाही; रात्री दुखायला लागलं तर घरचेच धावतात. पण सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्या बाईनं ठरवायचं. गर्भपाताचंच घ्या. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही काही दवाखाने मागतात, कायदा मागत नाही. आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर त्या बाईचं नाव बाहेर फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता आपलंही थोडं सांगतो. गरोदर बायांच्या यादीचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, तो आमच्यातल्याच एकीनं टाकला होता. शिबिराला सगळ्या याव्यात म्हणून, चांगल्या मनानं. त्या यादीत दोन महिने झालेली एक सून होती, तिनं अजून माहेरीही सांगितलं नव्हतं. फोटो काढून टाकला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता.

दुसरी गोष्ट कागदांची. 27 जुलै 2019 आठवतो ना? उल्हास नदीचं पाणी चढलं, बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ती टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली. घराघरांत ट्रंकेतल्या फायलींचा लगदा झाला, ते कुणी दाखवलं नाही. सिझरचे कागद, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, सगळं गेलं. पुढच्या बाळंतपणाला नवा डॉक्टर विचारतो, "मागच्या वेळी काय झालं होतं?" आपण काय सांगणार, "पोट फाडलं होतं" एवढंच!

तर लक्षात ठेवा: दाखल झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरनं उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायचे असतात. पेशंटनं, किंवा तिनं नेमलेल्या माणसानं मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. हे त्याच 2002 च्या नियमांत आहे. त्याआधी 1996 मध्येच मुंबई हायकोर्टानं सांगितलं होतं की पेशंटचे कागद पेशंटपासून गुप्त ठेवता येत नाहीत. मात्र नुसतं औषध लिहून दिलेली चिठ्ठी दवाखाना जपेलच असं नाही. ती आपणच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, माळ्यावर उंच ठेवायची.

तोंडी मागू नका. साध्या कागदावर नाव, दाखल झाल्याची तारीख आणि काय हवं ते लिहा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. दिलं नाही तर उल्हासनगरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, अंबरनाथ-बदलापूरकरांनी ठाण्याला जिल्हा शल्यचिकित्सकांकडे विचारा. एमबीबीएस डॉक्टरची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. आपल्याकडचे बरेच दवाखाने आयुर्वेद किंवा होमिओपॅथीवाल्यांचे असतात, त्यांच्या परिषदा वेगळ्या, म्हणून पाटीवरची पदवी आधी वाचून घ्या.

सुरुवातीला सांगितली ती मैत्रीण शेवटी आमच्या दोघींबरोबर अंबरनाथला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेली. बाहेर विचारलं तेव्हा तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. लिहिता न येणाऱ्या बाईनं एवढंच म्हणावं, "बायकांचं आहे, आत सांगते." बाईंनी दार लावून घेतलं, आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आत काय बोलणं झालं ते आम्ही तिला अजून विचारलेलं नाही.