कर्करोगाची गोळी, सिकलसेलवर उतारा

डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आढळतात. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं-सांधे असह्य ठणकतात.

हायड्रॉक्सियुरिया हे मूळचं कर्करोगावरचं औषध. ते बाळ गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, त्यामुळे पेशी कमी वाकतात. १९९५ साली अमेरिका-कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवर त्याचा गुण सिद्ध झाला. पण आपल्या मुलांना मात्रा किती? खरी मेख तिथेच. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन यांनी ६० मुलांवर चाचणी घेतली. वजनाच्या किलोमागे रोज अवघे १० मिलिग्रॅम. एवढ्यानंही वेदनेचे झटके घटले!

या औषधाचा बराच भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. शिवाय पांढऱ्या पेशी घटू शकतात. म्हणून रक्ततपासणी चुकवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू किंवा बंद करू नका.