टी-शर्टवर नाव छापायच्या आधी
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



आज आधी माझी चूक सांगते. मागच्या गणपतीत आपल्या एका गटाला मंडळाच्या ४० टी-शर्टची ऑर्डर मिळाली. शिलाई गटाची, छपाई बाहेरून. मीच म्हटलं, सब्लिमेशन करून घ्या, रंग छान येतात. आले ते जरा फिकेच, पण चाललं. पहिल्याच धुण्यात मंडळाचं नाव गेलं! कापड सुती होतं. सब्लिमेशनची शाई तापल्यावर वाफ होऊन पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, सुतात ती टिकत नाही. छापणाऱ्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मंडळाने निम्मे पैसे कापले, ते गटाच्या बचतीतून गेले.

म्हणून आधी कापड ओळखा. कापडातला एक धागा काढून जपून पेटवा. शिवणीचा नको हं, तो बहुतेक पॉलिस्टरच असतो. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. पॉलिस्टर असलं तरी सब्लिमेशन पांढऱ्या नाहीतर फिक्या रंगावरच उठतं.

मग विचारा, नग किती आणि रंग किती. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते. समजा एका स्क्रीनचे ४०० रुपये. तीन रंगांचे झाले १२००. दहा नगांवर वाटले तर नगामागे १२०, शंभरावर वाटले तर फक्त १२. दहा-बारा नग आणि रंग भरपूर असतील तर डीटीएफ बरं. त्यात फिल्मवर छापून गरम प्रेसने चिकटवतात, सुतावरही बसतं. गिऱ्हाइकाला सांगा, इस्त्री उलट्या बाजूने करा.

शर्टाच्या खिशावर मशीनची एम्ब्रॉयडरी शोभते. तिचा दर टाक्यांवर असतो, पंचिंगचे पैसे एकदाच. पातळ टी-शर्टला मात्र चुण्या पडतात, आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

लोगो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, फुटतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा. आणि कुणी मोठ्या कंपनीचा लोगो छापून मागितला तर परवानगीचं पत्र दाखवा म्हणा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक जुना छापील टी-शर्ट आणा. कशाने छापलाय ते आपण उलटून, ताणून बघू. काडेपेटी मी आणते.