ताप नसलेला दिवस

नागभीडहून मूलकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदेवाही लागतें. भोंवतीं धानाच्या बांध्या, बांध्यांच्या वरच्या अंगाला तलाव आणि बोड्या, आणि त्यांच्याही पलीकडे साग, मोह व बांबू यांचें जंगल, असा हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाचें धान-संशोधनाचें केंद्र याच गांवीं आहे. येथील जुने तलाव गोंड राजांच्या अमदानींत कोहळी समाजाच्या लोकांनीं मोठ्या कसबानें बांधले. पुढें ते मालगुजारांच्या ताब्यांत गेले, आणि मालगुजारी संपल्यावर त्यांस माजी मालगुजारी, म्हणजेच थोडक्यांत ‘मामा तलाव’, हें गोड नांव मिळालें. ज्या पाण्यावर हा प्रदेश जगतो, त्याच पाण्याच्या सोबतीनें एक दुखणेंही येथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आलें आहे. तें म्हणजे हिंवताप.

रोवणीचे दिवस घ्या. सकाळपासून चिखलांत वांकून पऱ्हे लावणारी एखादी बाई सोमवारीं दुपारीं थरथरत घरीं येते. अंगावर दोन कांबळीं घातलीं तरी हुडहुडी जात नाहीं, दांतावर दांत आपटतात. तासाभरांत हिंव सरतें, अंग भट्टीसारखें तापतें, डोकें फुटूं लागतें. मग दरदरून घाम सुटतो आणि ताप उतरतो. मंगळवारीं ती उठते, दोन घांस भात खाते, आणि रोवणी कोणासाठीं थांबत नसल्यामुळें पुन्हां बांधींत उतरते. दुकानांतून आणलेली तापाची गोळी लागू पडली, असेंच घरांत सर्वांस वाटतें. बुधवारीं दुपारीं पुन्हां तेंच हिंव आणि तोच ताप. या दुखण्यांत सोमवार आणि बुधवार भयंकर दिसतात खरे. परंतु माणसाला फसवितो तो मंगळवार.

मंगळवारीं ताप कां नसतो हें समजून घेण्यासारखें आहे. हिंवतापाचा जंतु रक्तांतील तांबड्या पेशींत राहतो, हें लॅव्हरान या फ्रेंच लष्करी वैद्यानें 1880 सालीं अल्जीरियांत पाहिलें. तो जंतु डांसाच्या पोटांत वाढतो, हें रोनाल्ड रॉस यांनीं 1897 च्या ऑगस्टांत आपल्याच देशांत, सिकंदराबाद येथें, दाखवून दिलें. ॲनाफिलीस जातीची मादी चावली म्हणजे जंतु प्रथम यकृतांत शिरतो. तेथें तो आठवडा दीड आठवडा निमूटपणें वाढतो. त्या काळांत माणसाला कांहींच होत नाहीं. नंतर तो रक्तांत उतरतो आणि एकेका पेशींत शिरून आपली प्रजा वाढवितो. त्या पेशी एकाच सुमारास फुटल्या म्हणजे हिंव भरतें. व्हायव्हॅक्स नांवाच्या प्रकारांत या सगळ्यास सुमारें 48 तास लागतात, म्हणून ताप एक दिवसाआड येतो. अर्थात्‌ मंगळवारीं जंतु गेलेला नसतो. तो नव्या पेशींत बसून बुधवारची तयारी करीत असतो. दुकानांतील पॅरासिटामॉलची गोळी ताप उतरविते, जंतूला ती शिवतही नाहीं.

मात्र सर्वच हिंवताप असा वक्तशीर असतो, असें समजूं नये. फॅल्सिपेरम हा दुसरा प्रकार पाळी पाळीत नाहीं. त्याचा ताप रोज येतो, कधीं दिवसभर उतरतच नाहीं. आणि आरंभीं व्हायव्हॅक्सही पुष्कळदां असाच वागतो. हुडहुडी भरली नाहीं म्हणून हा हिंवताप नव्हे, असा निवाडा घरच्या घरीं करणें धोक्याचें आहे. कारण फॅल्सिपेरम मेंदूपर्यंत गेला तर एक दोन दिवसांत प्राणावर बेततें. झाडीपट्टींत आणि पलीकडील गडचिरोलीच्या अरण्यांत हा प्रकार मुबलक आहे.

राष्ट्राच्या वांट्यालाही असा एक मंगळवार येऊन गेला. स्वातंत्र्य मिळालें त्या सुमारास या देशांत दरसाल साडेसात कोटी लोकांस हिंवताप होई आणि आठ लाख माणसें त्यानें मरत, असा अंदाज होता. 1953 सालीं सरकारी मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटी फवारलें गेलें, आणि 1965 च्या सुमारास रुग्ण लाखभरांवर आले. ताप उतरला, लक्ष उडालें. डांसही त्या औषधाला सरावले. 1976 सालीं रुग्णांचा आंकडा 64 लाखांवर गेला. जें एका घरांत दोन दिवसांत घडतें, तेंच देशांत दहा वर्षांत घडलें.

आतां उपायाचें. या मुलुखांत ताप आला कीं चोवीस तासांच्या आंत रक्त तपासून घ्यावें, हा पहिला नियम. बोटाच्या टोकावरचा एक थेंब त्यास पुरतो. गांवच्या आशा स्वयंसेविकेजवळ तपासणीची पट्टी असते आणि वीस मिनिटांच्या आंतबाहेर उत्तर मिळतें. कांच-पट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची जुनी रीतही चालू आहे. एकदां कांहीं सांपडलें नाहीं आणि ताप मात्र चालू राहिला, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासावें. सुई टोंचून घेतली आणि सलाइनची बाटली लावली म्हणजे तापाचा बंदोबस्त झाला, ही समजूत खेड्यांत आहे तशीच शहरांतही आहे. थेंबभर रक्त न पाहतां लावलेल्या बाटलीनें खिसा हलका होतो, एवढें खरें.

औषधाच्या बाबतींत आजची पिढी भाग्यवान आहे. एके काळीं सरकार पोस्ट-कचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या विकीत असे. ती सिंकोना झाडाच्या सालीची कडू देणगी. आज फॅल्सिपेरमवर आर्टेमिसिनिनपासून केलेल्या औषधांचा तीन दिवसांचा संयुक्त क्रम देतात. हें द्रव्य चीनमधील एका वनस्पतींतून निघालें, आणि तें शोधणाऱ्या तू यूयू या विदुषीला 2015 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन तीन दिवस आणि त्याबरोबर प्रायमाक्विन चौदा दिवस, असा क्रम आहे.

आणि येथें पुन्हां तो मंगळवार आडवा येतो. व्हायव्हॅक्सचे कांहीं जंतु यकृतांत निजून राहतात. आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं जागे होतात, आणि डांस चावला नसतांही ताप उलटतो. त्या निजलेल्या जंतूंसाठीं प्रायमाक्विन असतें. तिसऱ्या चौथ्या दिवशीं रोग्याला बरें वाटूं लागतें. उरलेल्या दहा अकरा दिवसांच्या गोळ्या फडताळांत पडून राहतात, किंवा पुढच्या वेळीं शेजारणीच्या मुलाला उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवल्या जातात. ही काटकसर फार महाग पडते. गोळ्या रिकाम्या पोटीं घेऊं नयेत. क्लोरोक्विन घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आंत उलटी झाली तर ती मात्रा पुन्हां द्यावी. गरोदर स्त्रीला आणि तान्ह्या मुलाला प्रायमाक्विन देत नाहींत. कांहीं माणसांच्या रक्तांत जन्मतः एक उणीव असते, त्यांस तें बाधतें. लघवी काळ्या चहासारखी झाली तर गोळी तेथेंच थांबवून डॉक्टरांस गांठावें.

शुश्रूषेंतील चुका बहुधा प्रेमापोटीं होतात. हिंव भरलें असतांना पांघरूण घालावें हें बरोबर. परंतु अंग तापल्यावरही तीं कांबळीं तशींच ठेवणें चूक. तेव्हां तीं काढावीं, वारा येऊं द्यावा, कोमट पाण्यानें अंग पुसावें. तापांत लंघन करावें हा जुना प्रघात लहान मुलाच्या आणि अशक्त बाईच्या बाबतींत सोडूनच दिला पाहिजे. तांदळाची पातळ पेज, वरणाचें पाणी, थोडें थोडें पाणी वारंवार, एवढें पोटांत गेलें पाहिजे. झोंप अनावर होणें, भ्रम, झटके, सारख्या उलट्या, धाप, कावीळ, लघवी कमी होणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर औषधाचा गुण येण्याची वाट न पाहतां रोग्याला तडक रुग्णालयांत न्यावें, मग रात्र असो कीं पाऊस.

डांसांविषयीं शहरी घरांत एक घोटाळा आढळतो. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो आणि घरांतील कुंड्या, पिंपें, टायर यांतील पाण्यांत वाढतो. झाडीपट्टींतील हिंवतापाचा डांस रात्रीं चावतो. ओढ्याचीं डबकीं, पाटाच्या कडा, धानाच्या बांध्या यांतील स्वच्छ पाणी त्याला रुचतें. तें सारें पाणी कोणी उपसून टाकूं शकत नाहीं, आणि टाकावें असेंही कोणी म्हणणार नाहीं. म्हणून तेथें औषध लावलेल्या मच्छरदाणीला मोल आहे. ती वारंवार धुवूं नये आणि धुतल्यास सांवलींत वाळवावी. अशी मच्छरदाणी मासे धरण्यासाठीं किंवा भाज्यांवर पसरण्यासाठीं वापरलेली दिसते; जाळीचा उपयोग होतो, औषधाचा होत नाहीं.

नागपूर-पुण्याचीं कुटुंबें लग्नकार्यासाठीं सिंदेवाहीस जातात, सुटींत ताडोबा पाहण्यास जातात, चार रात्रीं राहून परततात. जंतु यकृतांत असतो तो काळ शहरांतच निघून जातो. दहाव्या किंवा पंधराव्या दिवशीं, कधीं कांहीं महिन्यांनीं, ताप येतो तेव्हां प्रवासाची आठवणही कोणास राहिलेली नसते, आणि शहरांतील डॉक्टरांच्या मनांत प्रथम डेंग्यू येतो. अशा वेळीं विचारण्याची वाट न पाहतां, चंद्रपूरच्या जंगलभागांत अमुक तारखांना मुक्काम होता, हें त्यांस सांगावें आणि हिंवतापासाठीं रक्त तपासावयास सांगावें. मग त्या दिवशीं ताप असो वा नसो.